तिखटाच्या दुकानातली बैठक

“मग चोर पकडायचा कसा, ते तरी सांगा, बाबा.”

विरूपाक्षआप्पांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. रोशनशा फकीर तकियाच्या, म्हणजे आपल्या मठीच्या, ओट्यावर बसून गोधडीला ठिगळ लावत होते. त्यांनी टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि मग वर पाहिलं.

“चोरी काय झाली?”

“ती अजून कळली नाही.”

“आणि चोर?”

“तो कळलाय.”

रोशनशांनी मान हलवली आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला घेतला.

आप्पा तांबरगावच्या पेठेतले सगळ्यात जुने किराणा व्यापारी. धान्याचं पोतं न उघडता, नुसतं बाहेरून थोपटून आतल्या मालाची परीक्षा करणारा माणूस, असा त्यांचा लौकिक. तो लौकिक त्यांना स्वतःलाही पाठ होता. पेठेत कुणाला दुकान घालायचं असो, कुणाचं भांडण असो, शेवटचा शब्द आप्पांचा. आणि आप्पांना काही अडलं, तर ते वेशीबाहेर रोशनशांच्या तकियात यायचे. पंचविशीत असल्यापासून येत होते. आता मिश्या पांढऱ्या झाल्या, तरी बाबांसमोर ते ओट्याच्या खालच्या पायरीवरच बसत.

“कोण आहे तो?” बाबांनी विचारलं.

“तो नाही, ती. सोजरबाई नावाची बाई आहे. सासूला घेऊन कुठूनशी आली. महादेवाच्या देवळाचा मोकळा गाळा मागून घेतला आणि तिखटाचं दुकान घातलं. स्वतः कांडते, स्वतः विकते.”

“वाईट असतं तिखट?”

“चांगलं असतं. तीच तर गोम आहे. इतकं लाल तिखट मी जन्मात पाहिलं नाही. पेठेत लोक बोलतात, त्यात विटकरीचा भुगा आहे म्हणून.”

“पाण्यात टाकून पाहिलंस?”

“पाहिलं. भुगा असता तर तळाला बसला असता. नाही बसला.”

“मग?”

“मग काय... बाई हुशार आहे. वीट फारच बारीक कुटली असेल.”

रोशनशा हसले नाहीत. त्यांनी गोधडी बाजूला ठेवली.

“आप्पा, तुझी बहीण काशी कशानं गेली?”

आप्पांचा चेहरा उतरला. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, पण आप्पांसमोर कुणी काढत नसे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी परगावचा एक माणूस येऊन पेठेत घाणा घालून बसला होता. त्याच्या करडईच्या तेलात कसलंसं विषारी बी मिसळलेलं निघालं. घरोघर माणसांचे पाय सुजले. काही उठले, काही उठलेच नाहीत. काशी उठली नाही.

“म्हणून तर...” आप्पा हळू म्हणाले. “म्हणून तर पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही.”

“घाणा कुठं होता त्याचा?”

“माझ्या दुकानासमोर.”

“तू कधी गेलास तिथं?”

“कशाला जाईन? मी कुणाच्या दुकानाची पायरी चढत नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि मला माणूस लांबून कळतो.”

“कळला होता?”

आप्पांनी मान वळवली. ओट्याजवळच्या चिंचेवर पोपटांचा गलका चालू होता. 

मग रोशनशा म्हणाले, “चोर पकडायचाय ना? मग तिच्या दुकानात जाऊन बस.”

“बसू?”

“रोज. ती दार उघडेल तेव्हा जायचं, लावेल तेव्हा उठायचं. तुझ्या दुकानात मुलगे आहेत. ते बघतील.”

“किती दिवस?”

“सापडेपर्यंत. आणि चोरून बघायचं नाही. आधी तिला तोंडावर सांगायचं, बाई, माझा तुझ्यावर संशय आहे.”

“चोरालाच सांगायचं? मग तो काय चोरी करेल का, बाबा?”

रोशनशांनी गोधडी पुन्हा मांडीवर ओढली आणि शिवायला लागले. बोलणं संपलं होतं.

आप्पांना ती रीत उलटीच वाटली. पण बाबांचा शब्द. शिवाय येत्या अमावास्येला देवळाच्या मंडपात पेठेची बैठक होती आणि सोजरबाईला गाळ्यात ठेवायचं की काढायचं, हे तिथं ठरणार होतं. तोवर पुरावा हाती यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाळ्यापुढे उभे राहिले. आत सोजरबाई मिरच्यांचे देठ खुडत होती. चाळिशीची, काटक बाई. कोपऱ्यात तिची सासू उखळापाशी बसली होती. फळीवर पितळी डबे ओळीनं मांडलेले, आणि सगळे गच्च भरलेले. भरलेला डबा म्हणजे न खपलेला माल. आप्पांच्या नजरेनं ते लगेच टिपलं.

“बाई, माझा तुमच्यावर संशय आहे,” आप्पा म्हणाले. “मी इथं बसणार आहे.”

सोजरबाईचे हात थांबले. सासूनं मुसळ खाली ठेवलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

सोजरबाई उठली. रिकामं पोतं चौघडी करून उंबऱ्याजवळ अंथरलं.

“बसा,” ती म्हणाली. “इथं आल्यापासून माझ्या तोंडावर बोलणारे तुमी पहिलेच.”

आप्पा बसले.

“पर एक सांगते, आप्पा. माझाबी तुमच्यावर संशय हाय.”

“माझ्यावर? कसला?”

“तुमाला माझी तिखटाची रीत शिकायची आसंल. आन् मग तुमच्या दुकानात ठेवाल.”

आप्पांना राग आला. पण उठून जायची सोय नव्हती.

अशी ती बैठक सुरू झाली. आप्पा तिच्या हातांकडे बघायचे. ती आप्पांच्या डोळ्यांकडे बघायची. कुठल्या मिरचीत कुठली मिसळते ते दिसू नये म्हणून ती ऐन वेळी पाठ फिरवायची. ती पाठ फिरवते याचा अर्थ काहीतरी आहेच, असं आप्पा मनात धरायचे आणि मान लांब करायचे. मग मुसळ चालू व्हायचं, गाळाभर खकाणा उठायचा, आणि आप्पांना शिंकांवर शिंका यायच्या. डोळे घळाघळा वाहायचे. म्हातारी सासू तोंडाला पदर लावून हसायची.

सोजरबाईनं पुढे केलेला पाण्याचा तांब्या पहिल्या दिवशी तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी ठसका इतका लागला, की आप्पांनी तो घटाघटा रिकामा केला. नेमकी त्याच वेळी समोरून गुरवाची बायको चालली होती. ती थबकली. विरूपाक्षआप्पा, जे कुणाच्या दुकानाची पायरी चढत नाहीत, ते सोजरबाईच्या उंबऱ्यात बसून तिच्या घरचं पाणी पितात...

ती आत आली आणि तिनं तिखटाची एक पुडी घेतली.

आप्पांनी तिला थांबवायला तोंड उघडलं. पण सांगणार काय? काही सापडलं तर नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं.

पेठेत बातमी फिरायला कितीसा वेळ. आप्पा तिथं बसतात म्हणजे माल खरा असणार, असं एकजण म्हणाला. आप्पांचंच दुकान असेल, बाई नावाला असेल, असं दुसरा म्हणाला. काही का असेना, बायका यायला लागल्या. डबे रिकामे व्हायला लागले. आप्पांना हे सगळं कळत होतं आणि ते आतल्या आत जळफळत होते. आपण आलो कशासाठी आणि चाललंय काय!

एका दुपारी कोष्ट्यांच्या आळीतली अनसाबाई आली. पुडी बांधून होईपर्यंत ती आप्पांशी बोलत उभी राहिली.

“आमी तर भ्यालो होतो बाबा. पोराबाळांच्या पोटात वीट जायची म्हणून. आता तुमी बसलाव म्हणल्यावर घोर मिटला.”

“विटेचं तुम्हाला कुणी सांगितलं?” आप्पांनी लगेच विचारलं. एवढ्या दिवसांत त्यांना हाच धागा हवा होता. ज्यानं आधी सांगितलं, त्यानं काही पाहिलं असणार.

“सगळी पेठच म्हणत होती की.”

“सगळी पेठ एकदम म्हणत नसते. पहिल्यांदा कोण म्हणालं?”

अनसाबाईनं त्यांच्याकडे जरा नवलानं पाहिलं.

“तुमीच की, आप्पा. तिनं दुकान मांडलं त्या दिवशी तुमच्या दुकानात मी मीठ घेत होते. तुमी म्हणला, रंग जरा जास्तीच लाल दिसतोय. मी घरी जाऊन तेच सांगितलं. लाल म्हणल्यावर विटेचाच आसणार, दुसरं काय?”

ती पुडी घेऊन गेली.

आप्पा पोत्यावर बसून राहिले. आपण तसं म्हणालो होतो का? म्हणालो होतो. सहज, तागडीवर मीठ टाकता टाकता. ते वाक्य सगळं गाव हिंडून, अंगावर वीट चढवून त्यांच्याच दुकानात परत आलं होतं, आणि त्यांनी ते ओळखलं नव्हतं.

सोजरबाईनं सगळं ऐकलं होतं.  ती देठ खुडत राहिली. आप्पांना वाटलं, तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण म्हणून संशय गेला असं नाही. वीस-पंचवीस वर्षांची सवय एका दुपारी जात नसते. उलट आप्पा जास्तच बारकाईनं बघू लागले. आपलं म्हणणं आता खरं निघालं, तर निदान आपण खोटारडे ठरणार नाही, असंही कुठंतरी मनात होतं.

आणि एके दिवशी सापडलं.

सासूनं त्यांच्यापुढे भाकरी आणि तिखटाचा गोळा ठेवला होता. पहिल्याच घासाला दाताखाली कचकन काहीतरी आलं. आप्पांनी घास तोंडात घोळवला. पुन्हा कचकन.

“बाई,” ते म्हणाले. “सापडलं.”

सोजरबाईच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

“खर लागते. माती आहे यात. बारीक रेती.”

ती धावत आली. तिखट जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. मग खाली बसली.

“देवळामागं जमिनीवर वाळत घालते मिरच्या. वाऱ्यानं रेती येत आसंल. मला कळलं न्हाई, आप्पा. जीभ मरून गेली माझी तिखट चाखून चाखून.” जरा थांबून तिनं विचारलं, “आता हे बैठकीत सांगणार तुमी?”

आप्पांनी भाकरी बाजूला सारली. हात धुतले आणि घरी गेले.

सकाळी ते आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर जाड ताडपत्रीची वळकटी होती. ती त्यांनी गाळ्यात टाकली.

“ही खाली घाला.”

सोजरबाईनं ताडपत्रीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिच्या डोळ्यांत कृतज्ञता वगैरे काही नव्हती. ह्यात ह्यांचा डाव काय, एवढाच प्रश्न होता.

“कशापायी देताव?”

“उद्या पुन्हा खर लागली, तर जमिनीचं निमित्त चालणार नाही. म्हणून.”

हे आप्पा खरंच बोलले होते. त्यांच्या मनात तेवढंच होतं. पुढे त्यांनी आपल्या दुकानातली बारीक जाळीची चाळण आणून दिली, तीही चाळणीचं निमित्त राहू नये म्हणून. स्वतः ज्या बागवानाकडून मिरची घेत, त्याच्याशी तिची गाठ घालून दिली. तिचा माल येतो कुठून हे आपल्याला ठाऊक असावं, म्हणून. शेजारच्या तांबटाला बोलावून डब्यांना आतून कल्हई करून घ्यायला लावली. डब्याच्या पितळेचा हिरवा कळकच मिसळत असेल, तर तो तरी वेगळा काढता येईल.

तांबट कल्हई करून गेला आणि जाताना घरच्यासाठी तिखट घेऊन गेला. बागवानही नेऊ लागला.

मग अमावास्या आली.

सकाळची पूजा झाल्यावर मंडपात पेठ जमली. सोजरबाई आणि तिची सासू खांबाआड बसल्या होत्या. सोजरबाईनं सकाळपासून गाळा उघडलाच नव्हता. डबे पोत्यात बांधून ठेवले होते. काढलं, तर तिथूनच चालू लागायचं. कुठं, ते तिनं म्हातारीला सांगितलं नव्हतं. तिला स्वतःलाही माहीत नसावं. आदल्या गावातूनही ती अशीच निघाली होती, हे सासूच्या तोंडून एकदा आप्पांच्या कानावर पडलं होतं.

कापडवाले नागनाथ उठले. सोजरबाईचा गाळा त्यांना आपल्या जावयासाठी हवा होता. तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण ते लपलेलंही नव्हतं.

“आप्पा, तुम्ही इतके दिवस राखण करून होतात. पेठेला सांगा. काही सापडलं का?”

“सापडलं,” आप्पा म्हणाले.

 खांबाआड सासूनं सोजरबाईचा हात धरला.

“काय सापडलं?”

“खर सापडली. रेती.”

“ऐका,” नागनाथ सगळ्यांकडे वळून म्हणाले. “मी म्हणत नव्हतो?”

“आता नाही ती. गेली.”

“बरं, आणि वीट?”

 आप्पांना खोटं बोलता येत नव्हतं आणि पूर्ण खरं बोलणं जड जात होतं.

“वीट मला नाही सापडली. विटेची गोष्ट माझ्या दुकानातून निघाली होती. मी रंगाबद्दल बोललो होतो. विटेचं पुढं लोकांनी जोडलं. पण सुरुवात माझी.”

कुणी खाकरलं. कुणी मान खाली घातली. पेठेतल्या बहुतेकांनी त्या विटेला आपापला हात लावलेला होता.

“म्हणजे तुमची खात्री पटली?” नागनाथांनी सोडलं नाही. “तुम्ही तिच्या मालाची हमी घेता?”

“हमी नाही घेत.”

“मग संशय आहे तुमचा?”

“आहे.”

“मग विषयच मिटला. गाळा काढून घ्या.”

“गाळा काढलात,” आप्पा म्हणाले, “तर मी बसू कुठं?”

आधी कुणाला काही कळलं नाही. मग मागे बसलेला तांबट हसला. त्याच्या पाठोपाठ आणखी दोघंतिघं. हसू पसरत गेलं आणि त्या हसण्यातच नागनाथ खाली बसले. गाळा राहिला.

सोजरबाई मंडपाच्या पायऱ्यांवर आप्पांना आडवी आली. पाया पडेल की काय, म्हणून आप्पा दचकून मागे सरले. ती पाया पडली नाही.

“उद्या याल ना?” तिनं विचारलं. आणि मग, नजर न हलवता, “तुमी आल्याबिगर मला तुमच्यावर लक्ष कसं ठेवता येईल?”

आप्पा तिथून तडक तकियात आले. ऊन डोक्यावर होतं. रोशनशा ओट्यावर नुसते बसले होते.

“तुम्ही मला फसवलंत, बाबा.”

“कसं?”

“मी चोर धरायला गेलो आणि तिचं दुकान चालवून आलो. माझ्या हातून चाळणी गेल्या, ताडपत्र्या गेल्या. माझ्या पाण्याच्या घोटाबरोबर तिचं गिऱ्हाईक वाढलं. तुम्हाला हे आधीच माहीत होतं. तुमचं तिच्याशी काही साटंलोटं आहे का?”

“असेल,” रोशनशा म्हणाले.

“असेल म्हणजे?”

“तपास कर.”

 आप्पा खालच्या पायरीवर बसले. घाम पुसला. राग होता, पण तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. मग ते म्हणाले, “काशीच्या वेळी मी असा समोर जाऊन बसलो असतो तर...”

रोशनशांनी त्यांच्याकडे पाहिलं.  

चिंचेची सावली ओट्यावरून सरकून आप्पांच्या पायांवर आली.

“आप्पा,” बाबा म्हणाले, “बाजाराच्या त्या टोकाला, जनावरांच्या हौदाजवळ, कुणी नवा माणूस आलाय म्हणतात. खोगीर, पट्टे शिवतो.”

“आलाय. दोन महिने झाले असतील.”

“कसा आहे?”

“मला काय माहीत? मी त्या बाजूला जात नाही. बरा असेल बिचारा. कुणाच्या अध्यात ना मध्यात.”

“गिऱ्हाईक असतं का?”

“कुणी दिसत तर नाही.”

“त्याच्याबद्दल पेठेत काय बोलतात?”

“काहीच नाही. त्याचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नसेल.”

रोशनशांनी डोळे मिटले. ते झोपले असं वाटून आप्पा उठले आणि पायात वहाणा सरकवू लागले.

तेव्हा मागून आवाज आला.

“मग त्याच्यावर संशय घ्यायला कधीपासून जातोस?”